लघवीला जळजळ : गोळीआधी नमुना, आणि नमुन्याआधी चार प्रश्न

अबोली

उन्हं तापायला लागली की आमच्या लॅबच्या काउंटरवर लघवीच्या बाटल्यांची गर्दी वाढते. मी तंत्रज्ञ आहे, बरीच वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली हेच बघतेय. तक्रार बहुतेकांची एकच, जळजळ. आणि विचारलं की कितीतरी जण सांगतात, "मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या, दोन घेतल्या, फरक पडेना म्हणून तपासायला आलो."

या दोन गोळ्यांबद्दल मला कळकळीने लिहायचं आहे. अँटिबायोटिकचे एक-दोन डोस पोटात गेले की लघवीतले जंतू दबतात, पण मुळासकट जातातच असं नाही. कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, लावलं की प्लेटवर काही उगवत नाही, रिपोर्टवर "नो ग्रोथ" येतं आणि पेशंट समजतो, चला, इन्फेक्शन नव्हतंच. मग आठ दिवसांनी तोच माणूस थंडी-ताप घेऊन येतो. जंतू कोणता होता, त्याला कुठलं औषध लागू पडलं असतं, हे कळायची वेळ हातची गेलेली असते. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी नमुना देऊन झाल्यावर लगेच घ्या, कल्चरच्या रिपोर्टसाठी दोन-तीन दिवस कळ काढायची काही गरज नाही. फक्त क्रम उलटा करू नका.

आता नमुन्याबद्दल. बाटली लॅबमधून किंवा मेडिकलमधून निर्जंतुक घ्यायची. घरातली औषधाची, जॅमची, धुऊन वाळवलेली बाटली चालत नाही. साबणाचा अंश राहिला तरी तपासणी फसते. जागा साध्या पाण्याने धुऊन घ्या. पहिली धार सोडून द्या, मधली धार बाटलीत घ्या, शेवटची पुन्हा सोडून द्या. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. आणि बाटली तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे चोवीस तासांपर्यंत निभावतं. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत दोन तास फिरलेल्या बाटलीत जंतू नुसते वाढत असतात, आणि मग रिपोर्ट पेशंटचा राहत नाही, डिकीचा होतो.

आम्ही काय करतो तेही सांगते, कारण रिपोर्टवरचे शब्द त्यातूनच येतात. रूटीन, म्हणजे नेहमीच्या साध्या तपासणीसाठी लघवी यंत्रात गरगर फिरवून तळाला बसलेला गाळ काचपट्टीवर घेतो. त्यात पस सेल्स, म्हणजे पांढऱ्या पेशी, मोजतो. एका दृश्यक्षेत्रात पाचपर्यंत दिसल्या तर सहसा चिंता नसते. वीस-तीस, किंवा "मोजता येत नाहीत इतक्या", म्हणजे आत सूज आहे. लाल पेशी दिसल्या तर खडा, जंतुसंसर्ग किंवा आणखी काही. एपिथेलियल सेल्स खूप असतील तर नमुना नीट घेतला गेला नाही, बाहेरच्या त्वचेच्या पेशी आल्यात, तो परत द्यावा हे उत्तम. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक तर बघताक्षणी ओळखू येतात, पोस्टाच्या पाकिटाच्या पाठीवर दिसते तशी फुली प्रत्येकावर असते.

कल्चरला एका बारीक कडीने मिलिलिटरचा हजारावा भाग प्लेटवर पसरतो आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवतो. सकाळी एक ठिपका उगवला तर मिलिलिटरमागे हजार जंतू, शंभर ठिपके उगवले तर एक लाख. रिपोर्टवर "एक लाखाहून अधिक" लिहिलेलं असतं ते इथून येतं. पण त्रास स्पष्ट असेल तर त्याहून कमी आकडाही खरा धरावा लागतो, तो निर्णय डॉक्टरांचा.

इथे डॉक्टर मंडळी आहेत. जळजळीची कारणं काय काय असतात आणि शोध कसा घ्यायचा, हे त्यांनी लिहावं म्हणून धागा काढलाय. आणि ज्यांनी भोगलंय त्यांनीही लिहा, लाजू नका.

मंजिरी_ठाणे

फार गरजेचा धागा, अबोलीताई. आमच्या लेडीज डब्यात हा विषय रोजचा आहे. सकाळी ठाण्याहून निघालं की ऑफिस गाठेपर्यंत जायची सोय नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही, अशी कितीतरी जणींची सवय. मुंबईत २०११ पासून "राइट टू पी"वाल्या बायका स्वच्छ मुताऱ्यांसाठी भांडतायत, तरी स्टेशनावरची अवस्था आपण बघतोच. मला विचारायचंय, लघवी धरून ठेवल्याने खरंच इन्फेक्शन होतं का? आणि घाणेरड्या संडासातून लागतं का?

डॉ_उत्तरा

मंजिरी, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. संडासाच्या भांड्यावरून लघवीचं इन्फेक्शन लागल्याचं सहसा होत नाही. बहुतेक वेळा जंतू आपलाच असतो, आपल्या आतड्यातला ई. कोलाय. तो शीच्या जागेपासून पुढे सरकतो आणि मूत्रमार्गातून वर चढतो. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषांचा वीसच्या आसपास. त्यामुळे बायकांना हा त्रास इतका जास्त, निम्म्याअधिक बायकांना आयुष्यात कधी ना कधी होतोच. म्हणून धुताना-पुसताना हात पुढून मागे. संबंधांनंतर लघवी करून घ्यावी, असंही आम्ही सांगतो.

धरून ठेवणं आणि पाणी तोडणं मात्र नडतं. लघवीची धार ही मूत्राशयाची झाडलोट आहे, ती दिवसातून दोनदाच झाली तर जंतूंना ठाण मांडायला वेळ मिळतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका घेतल्या होत्या. अर्ध्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्तीचं प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. औषध काही नाही, नुसतं पाणी.

आता चार प्रश्न. जळजळ म्हणून कोणी समोर बसलं की मी हे विचारते, आणि तुम्हीही दवाखान्यात जाण्याआधी स्वतःला विचारून ठेवा.

आग आत होते की बाहेर? लघवी बाहेरच्या त्वचेला लागली की चुरचुरतं, खाज आहे, अंगावरून दह्यासारखं पांढरं जातंय, तर तो बुरशीचा, म्हणजे योनिमार्गाचा आजार असू शकतो. त्यात लघवीचं कल्चर कोरंच येणार, आणि अँटिबायोटिक घेतलं तर बुरशी आणखी फोफावणार. याउलट आत जळतंय, सारखं जावंसं वाटतंय, ओटीपोटात दुखतंय आणि अंगावरून जाणं किंवा खाज अजिबात नाही, तर मूत्राशयाच्या इन्फेक्शनची शक्यता नव्वद टक्क्यांच्या घरात जाते.

धारेच्या सुरुवातीला दुखतं की शेवटी? सुरुवातीला आग म्हणजे मूत्रमार्गाकडे लक्ष द्यावं, शेवटचे थेंब पडताना तिडीक उठत असेल तर मूत्राशयाच्या तळाकडे, पुरुषांत प्रोस्टेटकडे, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीकडे. हे काही शंभर टक्के नाही, पण दिशा मिळते.

सोबत काय आहे? थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलटी, लघवीतून रक्त यातलं काहीही असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. त्या दिवशीच डॉक्टर गाठायचा.

आणि कोणाला होतंय? तरुण, एरवी धडधाकट बाईची जळजळ वेगळी. गरोदर बाई, मधुमेही, लहान मूल, कोणत्याही वयाचा पुरुष, एकच मूत्रपिंड असलेला माणूस, यांची जळजळ साधी समजून चालत नाही. गरोदरपणी तर काही त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडले तर उपचार करावे लागतात, नाहीतर पुढे मूत्रपिंडाला संसर्ग आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण, असे धोके असतात. एरवी असे मुके जंतू सापडले तर सहसा औषध द्यायचं नसतं, घरातल्या वृद्धांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा.

रानवाटा

वाचनखूण साठवली. प्रतिसाद छापून सोसायटीच्या फलकावर लावावा असा आहे.

वऱ्हाडी_माणूस

आमच्या बाबांचं सांगतो. वय सत्तरीचं, अकोल्याचं ऊन. मागच्या उन्हाळ्यात उन्हाळी लागली म्हणून घरात धणे-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी सगळं सुरू. बाबा रात्री पाच-सहा वेळा उठायचे, थेंब थेंब व्हायची, आम्हाला वाटे गर्मीनं. एका रात्री लघवी पुरतीच तुंबली, पोट फुगलं, रात्रीच नळी टाकावी लागली. प्रोस्टेट वाढलेलं निघालं. कोणी म्हणे प्रोस्टेटची ती पीएसए रक्ततपासणी करा, कोणी म्हणे आत्ता नको. खरं काय ते सांगा बरं.

शल्यक

मी यूरोलॉजीत आहे. वडिलांना आता बरं असेल अशी आशा करतो. "आत्ता नको" म्हणणारे बरोबर होते. इन्फेक्शन असताना किंवा नुकतीच नळी टाकलेली असताना पीएसए वाढलेलाच येतो, त्या आकड्याने घरादाराची झोप उडते. साधारण सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावेत आणि मग करावा.

प्रोस्टेट वाढलं की मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. सोनोग्राफी सांगताना आम्ही "लघवी करून आल्यावर किती उरते तेही बघा" असं लिहितो, ते यासाठीच. शंभर-दीडशे मिलिलिटर उरत असेल तर ते साचलेलं पाणी जंतूंना आयतं मिळतं. यूरोफ्लो नावाची तपासणी असते, मूत्राशय भरलेलं असताना यंत्रात लघवी करायची, धारेचा वेग कागदावर उमटतो. दुखत नाही, सुई नाही.

पुरुषांच्या जळजळीत आणखी एक, प्रोस्टेटची तीव्र सूज. हुडहुडी भरून ताप, बसताना जांघेमागे दुखणं, लघवी अडणं. याला मूत्राशयाच्या इन्फेक्शनपेक्षा जास्त दिवस औषध लागतं, मधेच सोडलं तर ते उलटतं.

खड्याबद्दलही लिहितो. खडा म्हणजे कुशीत असह्य कळ, एवढंच लोकांना माहीत असतं. पण तो खाली सरकून मूत्राशयाच्या तोंडाशी अडकला की कुशीतलं दुखणं कमी होतं आणि सारखी घाई, जळजळ, टोकाला झिणझिण सुरू होते. हुबेहूब इन्फेक्शनसारखं. लघवीत लाल पेशी भरपूर, कल्चर कोरं. सोनोग्राफीत तो भाग कधीकधी दिसत नाही, मग साधा सीटी स्कॅन लागतो. ज्या रुग्णाला तीन-तीन अँटिबायोटिक्स होऊन गेलीत आणि खडा तिथेच बसलाय, असे आमच्याकडे नेहमी येतात.

पन्नाशीच्या पुढचा, तंबाखू-सिगारेटची सवय असलेला माणूस, जळजळ हटत नाही आणि लघवीत रक्त, दिसणारं किंवा फक्त तपासणीत सापडणारं. याला मी दुर्बीण तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी, केल्याशिवाय सोडत नाही. मूत्राशयाचा कर्करोग बहुतेक वेळा न दुखता रक्त दाखवतो, पण त्याची एक पसरट जात जळजळीचंच सोंग घेऊन येते.

सुमन_सातारा

माझं वय ६३. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या काही वर्षांपासून दर दोन-तीन महिन्यांनी हाच त्रास. दर वेळी कल्चर, दर वेळी गोळ्या. साखर नाही, खडा नाही. मैत्रिणी म्हणतात क्रॅनबेरीचा रस पी. ह्याला काही कायमचा उपाय आहे का?

डॉ_उत्तरा

सुमनताई, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीची आणि मूत्रमार्गाची त्वचा पातळ, कोरडी होते आणि तिथले चांगले जंतू नाहीसे होतात. वाईटांना रान मोकळं मिळतं. त्यासाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं, अगदी कमी मात्रेचं. त्याने पुन्हा पुन्हा होणारं इन्फेक्शन खरोखर कमी होतं. तुमच्या डॉक्टरांकडे हा विषय आवर्जून काढा. स्तनांचा कर्करोग होऊन गेला असेल तर तेही सांगा. हे विचारायला बायका संकोचतात आणि वर्षानुवर्षं गोळ्या खात राहतात, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

क्रॅनबेरीने झालेलं इन्फेक्शन बरं होत नाही. वारंवार होणाऱ्यांत पुढची खेप टाळायला थोडा उपयोग होतो, असं २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, आलंय. पण बाजारातल्या रसात साखर असते, तेव्हा डबा वाचून घ्या.

नाव_नको

या धाग्यासाठी वेगळा आयडी घेतलाय. वय २७. एका ठिकाणी संबंध आला, निरोध नव्हता. चार दिवसांनी जळजळ आणि टोकाला पिवळसर स्राव. घरच्या डॉक्टरांकडे जाऊ शकत नाही, ते बाबांचे मित्र. मेडिकलवाल्याने लघवीचं सिरप दिलं. काय करू?

शल्यक

सिरप बाजूला ठेवा. चार दिवसांत जळजळ आणि पू म्हणजे गनोरिया, म्हणजे परमा, असण्याची शक्यता मोठी, सोबत क्लॅमिडिया हा संबंधांतून लागणारा दुसरा आजारही असू शकतो, तो जरा उशिरा, एक ते तीन आठवड्यांनी, त्रास देतो. दोन्ही पूर्ण बरे होतात.

जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची, "सुरक्षा क्लिनिक" असतात. तपासणी आणि औषध मोफत, माहिती गुप्त. कुठे जायचं ते १०९७ या मोफत हेल्पलाइनवर मराठीतूनही विचारता येतं. तिथे एचआयव्ही आणि सिफिलिसचीही तपासणी करून घ्या, आणि काही आठवड्यांनी पुन्हा, कारण सुरुवातीला ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. जोडीदारावरही उपचार व्हायला हवेत, नाहीतर तुमच्यावरचे उपचार वाया जातात. पूर्ण बरं होईपर्यंत संबंध नकोत.

अबोलीताईंच्या माहितीला एक जोड देतो. या आजारांच्या जनुकीय तपासणीला मधली धार चालत नाही, पहिलीच धार लागते, तीही आधी तासभर लघवी केलेली नसताना. लॅबमध्ये "कशासाठी" ते सांगितलंत तर ते बरोबर सांगतील.

अबोली

अगदी बरोबर. आणि नाव_नको, आम्ही काउंटरवर कोणाच्या आयुष्याचा हिशोब मागत नाही. फॉर्मवर तपासणीचं नाव असलं की पुरे. नक्की जा.

केदार_कोल्हापूर

माझ्या आईचा प्रश्न. डायबेटीस आहे, चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, छान उतरलं. पण आता खालच्या जागेला खाज, लघवी करताना चुरचुर. लघवी तपासली तर साखर चार प्लस! रक्तातली साखर मात्र १३०. आम्ही घाबरलो. लॅब चुकली का?

अबोली

लॅब चुकलेली नाही. ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकते, तिचं कामच ते. गोळी चालू असेपर्यंत लघवीत साखर चार प्लस येणारच. फॉर्मवर औषधाचं नाव लिहा म्हणजे रिपोर्ट वाचणाराही दचकत नाही.

डॉ_उत्तरा

आणि खाज-चुरचुर त्याच साखरेची. बाहेर ओलावा आणि गोडवा राहिला की बुरशी धरते. २०२० साली या औषधाचं पेटंट संपलं, स्वस्त झालं, आता घरोघरी चालू आहे, त्यामुळे ही तक्रार घेऊन येणाऱ्या बायका वाढल्यात. हृदय आणि मूत्रपिंडासाठी औषध खरंच चांगलं आहे, आईंनी ते स्वतःहून बंद करू नये. लघवीनंतर जागा धुऊन कोरडी ठेवायची, बुरशीचं मलम किंवा गोळी डॉक्टर देतील, बहुतेक तेवढ्यावर भागतं. वरचेवर झालं तर औषध बदलायचा विचार करतात.

गुहागरकर

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त. दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात.

पहिली फार महत्त्वाची. लघवीत पस सेल्स भरपूर, जळजळ, वारंवार जावं लागणं, आणि साधं कल्चर मात्र दर वेळी कोरं. अशा वेळी आपल्या देशात क्षयाचा विचार झालाच पाहिजे. मूत्रपिंडाचा क्षय खोकल्याशिवाय, तापाशिवाय वर्षानुवर्षं राहू शकतो आणि तोवर मूत्राशय आक्रसून जातं. साध्या प्लेटवर क्षयाचा जंतू उगवत नाही, त्याला आठवडे लागतात आणि माध्यमही वेगळं लागतं. त्यासाठी सकाळची पहिली संपूर्ण लघवी, सलग तीन दिवस, अशी मागवतात. क्षयाचा जंतू जनुकांवरून ओळखणारी जीनएक्सपर्ट चाचणीही लघवीवर होते. सरकारी केंद्रांत क्षयाचं निदान आणि औषध मोफत आहे.

दुसरी गोष्ट आमच्या गुहागर तालुक्याची, म्हणून लिहितोच. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी गिमवी गावात एक अजब आजार नोंदवला. गावकऱ्यांच्या लघवीतून रक्त जाई आणि जळजळ होई. कारण निघालं शिस्टोसोमा नावाचा कृमी, जो मुख्यत्वे आफ्रिकेत आणि मध्यपूर्वेत सापडतो. गोड्या पाण्यातल्या बारक्या गोगलगायीत तो वाढतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. भारतात या आजाराचं प्रसिद्ध ठिकाण म्हणजे आमचं गिमवी. पुढे तो आटोक्यात आला. आफ्रिकेत नोकरी करून परतलेल्या, तिथल्या तळ्यात पोहलेल्या माणसाच्या लघवीत रक्त आलं तर आजही हा प्रश्न विचारावा लागतो. त्याची अंडी शोधायला दुपारची, दहा ते दोनमधली लघवी घेतात, तेव्हा ती सर्वाधिक पडतात.

मंजिरी_ठाणे

गिमवीचं पहिल्यांदाच कळलं. माझं सासर चिपळूणचं, तिथेही कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मीनल_लीड्स

इथली पद्धत सांगते, तुलनेसाठी. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून १६ ते ६४ वयाच्या बायकांना साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनसाठी थेट औषधाच्या दुकानात उपचार मिळतात. पण फार्मासिस्ट आधी बंद खोलीत बसवून ठरलेले प्रश्न विचारतो. रात्री लघवीला उठावं लागतं का, लघवी गढूळ आहे का, ताप, पाठदुखी, गरोदरपण, योनीतला स्राव. कुठे शंका आली की डॉक्टरकडे पाठवतो. सगळं जुळलं तर नायट्रोफ्युरँटॉइन, तीन दिवस. मला त्यातली प्रश्न विचारायची शिस्त फार आवडली. आपल्याकडे काउंटरवर गर्दीत उभं राहून "जळजळीचं काहीतरी द्या" म्हणावं लागतं, त्यात बाई काय सांगणार?

डॉ_उत्तरा

मीनल, इथे मिळतं ते बहुतेक नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, नाहीतर ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी. ती जोडगोळी जुलाबासाठी प्रसिद्ध आहे, मूत्राशयात ऑर्निडाझोलचं काम नाही. आणि या फ्लॉक्सासिन कुळातल्या औषधांना आपल्याकडचे ई. कोलाय फार मोठ्या प्रमाणात जुमानेनासे झालेत. शिवाय स्नायूबंध तुटणं, नसांना इजा, असे दुष्परिणाम आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने बजावलं की दुसरा पर्याय असेल तर साध्या इन्फेक्शनला ही औषधं देऊ नका. नायट्रोफ्युरँटॉइन आणि एकाच डोसची फॉस्फोमायसिनची पूड अजून चांगली चालते. पण मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलेलं असेल किंवा गरोदरपणाचा शेवट जवळ असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन चालत नाही, आणि संसर्ग मूत्रपिंडात चढला असेल तर दोन्ही पुरी पडत नाहीत. म्हणून नाव वाचून इथून कोणी दुकानात जाऊ नका.

वऱ्हाडी_माणूस

मग ते गुलाबी सिरप? अन् धणे-जिऱ्याचं पाणी? आमच्या विदर्भात तर उन्हाळी लागली की पहिले हेच.

डॉ_उत्तरा

धणे-जिरं, वाळा, सब्जा, शहाळं, कोकम, सगळं घ्या. उन्हातून फिरून लघवी गडद पिवळी, दाट झाली आणि त्याने चुरचुरत असेल तर भरपूर पाणी पोटात गेल्यावर दिवसभरात बरं वाटतं. दिवसाने बरं वाटलं नाही, किंवा लघवी स्वच्छ पांढरी होऊनही आग राहिली, तर ती उन्हाची उन्हाळी नव्हे, तपासा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी शहाळं आणि पाणी दोन्ही डॉक्टरांना विचारून घ्यावं.

सिरपने लघवीची आम्लता कमी होते, आग थोडी शमते, जंतू मरत नाहीत. आणि नायट्रोफ्युरँटॉइन आम्ल लघवीत चांगलं काम करतं, त्यामुळे दोन्ही सोबत घेणं शहाणपणाचं नाही. वेदना कमी करायची एक गोळी असते, तिने लघवी केशरी होते. ती रक्ताची नसते, घाबरू नये.

आशा_बीड

मी गावात आरोग्याचं काम करते. ताई, इथं लिहिणाऱ्यांना लॅब आहे, फ्रिज आहे. आमच्या ऊसतोडीच्या बायका दिवाळीनंतर चार-सहा महिने फडावर असतात. पहाटे अंधारात जाऊन यायचं, मग दिवसभर आडोसा नाही. पाणी प्यायचं नाही, पाळीत कापड बदलायला जागा नाही. आग होते, पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. मग कोणीतरी म्हणतं, गर्भपिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. २०१९ मध्ये हे सगळं बाहेर आलं, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीजणी तिशी-चाळिशीतल्या. पिशवी काढल्यावर लघवीची आग थांबत नाही हो, ती लघवीची वाट वेगळी. हे मी घरोघर जाऊन सांगते. लघवीची साधी पट्टीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, ती तरी आधी करा म्हणते.

अबोली

तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचेना. पट्टीबद्दल तुमच्या उपयोगाचं एक सांगते. पट्टीवर नायट्राइट पॉझिटिव्ह आलं तर जंतू असण्याची शक्यता दाट. पण निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण जंतूंना नायट्राइट तयार करायला लघवी मूत्राशयात चारेक तास असावी लागते, आणि काही जंतू ते करतच नाहीत. त्यामुळे पट्टीसाठी सकाळची पहिली लघवी घ्या आणि ल्युकोसाइटचा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा, चौकोनही बघा. त्रास आहे आणि पट्टी कोरी आहे अशी बाई डॉक्टरांपर्यंत गेलीच पाहिजे.

तन्वीची_आई

माझी मुलगी तीन वर्षांची. शूला गेली की रडते, "बाऊ होतो" म्हणते. ताप नाही. बालरोगतज्ज्ञांची वेळ परवाची मिळालीय. तोवर काय बघू?

डॉ_उत्तरा

शी रोज होते का ते बघा. बद्धकोष्ठ असलं की मुलांची लघवी पूर्ण होत नाही आणि इन्फेक्शन होतं, हे कारण फार वेळा सुटून जातं. जागा लाल झालीय का, टबात साबणाच्या फेसात बसवता का, तेही बघा; नुसत्या साबणाने चुरचुरतं. कृमींमुळे रात्री खाजवते का, हेही लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. ताप आला, उलटी झाली, मलूल वाटली तर परवाची वाट बघू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला कारण न सापडणारा ताप असेल तर लघवी तपासतातच, कारण ते बाळ "बाऊ" सांगू शकत नाही. आणि मुलांना ताप येऊन असं इन्फेक्शन झालं तर मूत्रपिंडाची सोनोग्राफी करून घ्यावी, जन्मजात काही अडथळा नाही ना हे कळतं.

निळाई

इतके प्रतिसाद वाचून धीर आला म्हणून लिहिते. माझी सगळी कल्चर्स कोरी येत. तरी मूत्राशय भरत आलं की दुखायचं, लघवी झाली की बरं वाटायचं, अर्ध्या तासाने पुन्हा तेच. एक डॉक्टर म्हणाले मनाचं आहे, घरच्यांनाही तसंच वाटू लागलं. शेवटी एका यूरोलॉजिस्टने क्षयाची तपासणी, सोनोग्राफी, दुर्बीण सगळं करून सांगितलं, इंटरस्टिशियल सिस्टायटिस. मूत्राशयाच्या अस्तराचा आजार, जंतू नसलेला. माझ्याकडून डायरी लिहून घेतली, किती वाजता, किती मिलिलिटर, काय खाल्लं होतं. त्यातून कळलं की लिंबू, कॉफी, टोमॅटोचं सार आणि झणझणीत रस्सा यांनी भडकतं. आता गोळ्या आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे सैल सोडण्याचे व्यायाम चालू आहेत. गेला नाहीये आजार, पण मी नोकरी करते, प्रवास करते. ज्यांची कल्चर्स कोरी येतात त्यांनी "काही नाहीये" हे ऐकून घेऊ नका.

शल्यक

निळाई, उत्तम लिहिलंत. तुमच्या डॉक्टरांचा क्रम मुद्दाम अधोरेखित करतो. हे निदान बाकीचं सगळं वगळूनच करायचं असतं, आणि ती डायरी अनेक महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगते.

सुमन_सातारा

डॉक्टरांशी मलमाबद्दल बोलले. त्यांनी लगेच लिहून दिलं, म्हणाल्या आधी का नाही विचारलंत. सर्वांचे मनापासून आभार.

पारिजात_नाशिक

एक छोटी शंका. पाळी चालू असताना जळजळ सुरू झाली तर नमुना द्यायचा की थांबायचं?

अबोली

थांबू नका, कल्चर देता येतं. जागा धुऊन योनीच्या तोंडाशी स्वच्छ कापसाचा बोळा किंवा टॅम्पॉन ठेवा, मग मधली धार घ्या. फॉर्मवर "पाळी चालू" असं ठळक लिहा, म्हणजे लाल पेशींचा अर्थ चुकीचा लावला जात नाही. रूटीन मात्र पाळी संपल्यावर पुन्हा एकदा करून घ्या, कारण रक्त लघवीतलं होतं की पाळीचं, हे तेव्हाच नक्की कळतं.